धुण्याच्या तारेवरून राजापूर

सकाळचा चहा हातात आला की दिनकरराव गच्चीत जाऊन वर बघत. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तांब्याच्या तारेवर कावळा बसलेला दिसला, तर चहा निवेपर्यंत ते त्यालाच हाकलत राहत.

सदाशिव पेठेत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि परवाना असलेले हौशी रेडिओचालक. चहानंतर ते राजापूरजवळच्या खेड्यातल्या विनायक या जुन्या सहकाऱ्याशी रेडिओवर बोलत. संच जेवणाच्या डब्याएवढा. ताकद विजेरीचा बल्ब पेटेल इतकी. जास्त ताकदीचा संच का घेत नाही, असं मी एकदा विचारलं.

"अहो, ओरडून पोचत असतं तर आपल्या सोसायटीची सभा राजापूरला ऐकू गेली असती. अँटेनाची तार उंच हवी, मोजून कापलेली हवी. मग हळू बोललं तरी चालतं."

त्यांचं बोलणं मी अनेकदा ऐकलं.

"विनायक, कसा येतोय मी?"

"स्वच्छ. मी?"

"थोडी खरखर आहे."

मग राजापूरची हवा, पुण्याची हवा, पुन्हा खरखर. संपलं. तोवर मोबाइल खिशाखिशांत आले होते. या दोघांकडेही होते. मग फोन का करत नाही?

"फोनवर बोलायचं काय?" दिनकररावांनी विचारलं. हे उत्तर होतं की प्रश्न, मला कळलं नाही.

पुढे एका मोबाइल कंपनीने टॉवरसाठी आमची गच्ची मागितली. तार उतरली की राजापूर बंद होणार, हे उघड होतं. दिनकरराव भांडणार म्हणून लोक सभेला तयारीने आले. टॉवरच्या बाजूने पहिला हात त्यांचाच वर गेला.

"लोकांची मुलं परदेशात आहेत. त्यांना बोलायचं असतं," जिन्यात ते म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

ते पायऱ्या चढून वर गेले.

तार खाली आली. मागच्या गॅलरीतून परसातल्या नारळापर्यंत त्यांनी ती नव्याने बांधली. दुसऱ्याच दिवशी विनायक म्हणाले, "आज खरखरीत बुडालास रे." गॅलरीत तारेवर ओल्या चादरी होत्या.

"अगं, ही अँटेना आहे."

"मग माझी धुण्याची दोरी कुठे आहे?" त्यांच्या पत्नी कमलताईंनी विचारलं. ती दिनकररावांनीच सोडली होती. तारेला जागा हवी होती.

वाद मिटला नाही. राजापूरहून मात्र अधूनमधून विचारणा होई, "आज चादरी का रे?"

दिनकरराव हृदयविकाराने गेले. काही दिवसांनी सकाळी मी वर गेलो, तर संच चालू होता. कमलताईंनीच लावला होता. खरखरीतून बारीक आवाज आला, "दिनकर, कसा येतोय मी?"

"विनायकरावांना कळवलं नाही का?" मी विचारलं.

"कळवलं ना. त्याच दिवशी फोन केला. खूप रडले."

"मग हे?"

मी माइककडे हात नेला.

"राहू द्या. तुमच्याकडे परवाना नाही."

आवाज पुन्हा खरखरीत बुडाला. कमलताई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि तारेवरच्या दोन्ही ओल्या चादरी काढून त्यांनी बादलीत टाकल्या. मग आत येऊन संचासमोर बसल्या.

विनायक पुन्हा तेच विचारत होते. आता आवाज स्वच्छ येत होता.