खिशातला अडॅप्टर

फाटकावरच्या कॅमेऱ्याची केबल खारीने कुरतडली होती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आधी घरातल्या बोर्डावरचा कॅमेऱ्याचा अडॅप्टर काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मगच तो शिडी चढला.

"अहो, मी उभा राहतो ना बोर्डापाशी, कोणी बटण लावणार नाही," मी जरा चिडूनच म्हटलं.

"असू द्या, काका. या एकाच केबलमधून चित्र येतं आणि करंटही जातो."

मी उन्हात बघत राहिलो. पेन्सिलीहून बारीक वायरीतून रोज पोस्टमन, मांजर, हलणारी मधुमालती घरात यायची. आता ते सगळं त्याच्या छातीपाशी निजलं होतं.

उतरल्यावर त्याने अडॅप्टर माझ्या हातात ठेवला. "लावा आता."

अडॅप्टरला त्याच्या छातीची ऊब होती. मी लावला. पडद्यावर पहिला तोच दिसला, शिडी खांद्यावर घेऊन घरी निघालेला.