एलोजीने सोडलेला इसहाक

आमच्या श्रीरामपुरात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, माणूस एकच, एलोजी वाकरूळकर. रेल्वेत गार्ड होता. रिटायर झाला तरी शिट्टी खिशात आणि काळा कोट अंगावर. शनिवारी धर्माप्रमाणे स्वतःची चूल पेटवायचा नाही, आमच्या चुलीवरचा चहा मात्र दोनदा प्यायचा. बायको लवकर गेली, म्हणून मुलगी रिबका लहानाची मोठी झाली ती बाबालाल तांबोळ्याच्या घरी.

बाबालालच्या पानाच्या दुकानापुढच्या बाकावर रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसायचो. तिसरा मी, मिशनच्या शाळेतला भिमाजी मास्तर. वीस वर्षं भांडण एकच. देवाच्या हुकमावरून अब्राहाम पोराचा बळी द्यायला निघाला, ते पोर कोणतं? एलोजीचं म्हणणं, धाकटा इसहाक. बाबालालचं म्हणणं, थोरला इस्माईल. ऐन वेळी देवाने मेंढा दिला आणि पोरगं वाचलं, इथवर एकमत. तिथून पुढे नुसता आरडाओरडा! माझं बायबलही इसहाकच म्हणतं, पण पान फुकट मिळायचं, म्हणून मी गप्प.

१९७३च्या ऑक्टोबरात तिकडे इस्राएलात अरबांशी लढाई पेटली. रिबका लग्न होऊन तिकडेच गेलेली. रेडिओ ऐकता ऐकता एलोजी म्हणाला, "तुमच्या लोकांनी..."

रोज्याने कावलेला बाबालाल म्हणाला, "आन् तुमच्या?"

दोघांपैकी एकही कधी मुंबईपलीकडे गेलेला नाही, आणि म्हणे तुमचे लोक! असा संताप आला, वाटलं दोघांनाही बाकावरून ढकलून द्यावं. एलोजी उठला तो पुन्हा फिरकला नाही. ईद झाली, शिरखुर्मा त्याच्या दारी गेला नाही. रिबकाचंही पत्र नाही. महिन्याभरात त्याचा कोट त्याला ढगळ व्हायला लागला.

नोव्हेंबरात एका सकाळी दारात शिट्टी वाजली. एलोजी निळं परदेशी पत्र नाचवत होता.

"मास्तर, पोरगी सुखरूप हाय! चला, नवस फेडायचाय."

त्यांच्या एलियाहू नबीला त्याने मलिदा, म्हणजे गोड पोहे, तर बोललाच होता. वर स्वतःची सगळ्यांत लाडकी वस्तूही. पत्र आलं तर बाबालालपाशी जाऊन कबूल करीन, तो इस्माईलच होता! मी हसून हसून उंबऱ्यावरच बसलो.

दुकान लांबून दिसताच एलोजी ओरडला, "बाबालाल, रिबी सुखरूप हाय! आन् तो इस्माईल हुता!"

बाबालाल चुन्याच्या हातांनीच बाहेर धावला. "न्हाई! तो इसहाक!"

"आरं, मी नवस बोललोय!"

"मी बी दर्ग्यात बोललोय! रिबी वाचली तर इसहाक तुझा!"

"मला नको!"

"घ्यावाच लागंल!"

बोलता बोलता बाबालालने त्याला मिठी मारली. काळा कोट चुन्याने पांढरा झाला. दोघंही रडत होते आणि रडता रडता एकमेकांचं खरं करत होते. गिऱ्हाईकं जमली. मला आनंदाने काही सुचेना, म्हणून मी पत्र ओढून मोठ्याने वाचायला घेतलं. खाली रिबकाने लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही आणि चाचा अजून भांडता ना? भोंगा वाजला की आम्ही तळघरात बसतो. तेव्हा मी तुमचं भांडण आठवते, मग भीती वाटत नाही."

एलोजी बाकावर आपल्या जागी जाऊन बसला.

"मास्तर, नवस फिटला न्हवं?"

"फिटला."

"तुझा बी फिटला, बाबालाल?"

"व्हय."

"मग ऐक. तो इसहाक हुता."

बाबालालने डोळे पुसले आणि माझ्यापुढे पान धरलं. "मास्तर, सांगा ह्या येड्याला. इस्माईल!"