हन्नाची चिठ्ठी

मला प्रत्येक गोष्टीत धडा दिसतो. तीस-पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्याची ही खोड. निवृत्त झाले तरी खोड सुटली नाही, ती मी बायबलकडे वळवली. बुधवारच्या महिला प्रार्थनेत उतारा वाचायचा आणि त्यातून रोजच्या जगण्यासाठी तीन मुद्दे काढायचे, हे काम माझ्याकडे. येशूनं पाच हजार लोकांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा केले, म्हणून शिळी भाकरी कोंबड्यांपुढे टाकायची नाही, सकाळी कुस्करा करायचा. नाणं हरवलेल्या बाईनं सगळं घर झाडलं, म्हणून पलंगाखालूनही केरसुणी फिरवायची. बायका हसायच्या, पण घरी जाऊन पलंगाखाली झाडायच्या. मला त्याचा फार अभिमान होता. एकही उतारा माझ्या तावडीतून सुटत नसे.

आमच्या चर्चमध्ये एक जानेवारीच्या सकाळी वर्षाचं वचन काढायची पद्धत आहे. बायबलमधल्या ओळी चिठ्ठ्यांवर लिहायच्या, घड्या घालून बांबूच्या रोवळीत टाकायच्या आणि उपासना संपली की प्रत्येकानं एक उचलायची. जी निघेल ती देवानं त्या वर्षासाठी आपल्याला दिली, असं मानून जपायची. कुणी फ्रेम करून भिंतीला लावतं, कुणी पाकिटात ठेवतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या मीच लिहायची आणि रोवळीही मीच धरायची.

माझी सून बेल्ह्याकडची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मी तिला त्यावरून एका शब्दानं टोचलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते. टोचायला गाव समर्थ होतं. कुणाच्या बारशाचं बोलावणं आलं की ती नेमकी तेव्हाच डबे घासायला काढायची आणि म्हणायची, "आई, तुमीच जाऊन या, मला लई काम हाय." मुलगा चाकणला कंपनीत, शनिवारी यायचा. एरवी खोडदच्या त्या घरात आम्ही दोघीच. मला मुलगी नाही, पण ती आल्यापासून ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी चिठ्ठ्या लिहिताना हन्नाची गोष्ट समोर आली. मुलासाठी मंदिरात रडणारी हन्ना, आणि देवानं तिचं ऐकलं. त्या ओळीची चिठ्ठी मी बाकीच्यांत मिसळलीच नाही. रोवळीच्या काठाशी अंगठ्याखाली दाबून धरली. सून समोर आल्यावर अंगठा उचलला आणि रोवळी अशी कलती केली की तिच्या बोटांना तीच लागावी. शाळेत सोडतीत बक्षीस काढताना एखाद्या रडक्या पोरासाठी मी हे कितीदा केलं होतं. हात सरावलेला होता.

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि भर चर्चमध्ये माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, पोरीला थोडी आशा मिळाली, त्यात काय बिघडलं? देवाचंच काम, मी जरा हातभार लावला. घरी आल्यावर तिनं ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पावसाळ्यात तिला दिवस राहिले. मी हवेत होते. त्या बुधवारी मी हन्नावरच बोलले, आणि काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते. सून म्हणायची, "आता मी भेत न्हाई. देवानं सोता सांगितलंय."

सहाव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. नारायणगावला दवाखान्यात नेलं. मुलगा झाला, पण गेलेला. मी त्याला पाहिलं. कान आमच्या घरचे होते. माझ्या मुलानं त्याला हातभर लांबीच्या पेटीत ठेवलं आणि पुरायला नेलं. पेटी त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

सून रडली नाही. ती स्वतःचं पाप शोधायला लागली. रोज नवं काहीतरी सापडायचं. "लग्नाआधी मी आईला उलट बोलले व्हते, त्याचं आसंल का?" कधी उपास, कधी जेवण पुढ्यात घेऊन नुसतं बसणं. देव खोटं बोलत नाही, मग आपणच कुठंतरी कमी पडलो, असा तिचा सरळ हिशेब. मी तिला काही पाप नसताना पोरंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट वाचून दाखवली. म्हटलं, त्याचा तरी काय दोष होता?

ती म्हणाली, "ईयोबाला देवानं कुठं कबूल केलं व्हतं, आई? मला केलं व्हतं."

मी पुस्तक मिटलं. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते कुठल्याच उताऱ्यात नव्हतं. ते सांगितलं तर ही पोर माझी राहणार नाही, याची मला भीती वाटली. म्हणून दीड महिना मी तिला डोळ्यांदेखत झिजताना पाहिलं आणि गप्प राहिले. इतकी भित्री बाई दुसऱ्यांना विश्वासाचे धडे देत होती.

एका दुपारी मागच्या ओट्यावर आम्ही वाटाणा सोलत होतो. ती म्हणाली, "मला सापडलं, आई. दुसऱ्यांची पोरं बघून मी मनात जळायचे, बारशाला जायचे न्हाई. तेच पाप. रविवारी चर्चमधी उभी ऱ्हाऊन सगळ्यांम्होरं कबूल करते."

मग मला राहवलं नाही. "ते वचन देवानं दिलं नव्हतं," मी म्हणाले. "मी दिलं होतं." सगळं सांगितलं, अंगठ्यासकट.

तिचे हात थांबले. हातातली शेंग तिनं न सोलताच खाली ठेवली.

"मंजी देव कायच बोलला नव्हता?"

"नाही."

"मग त्यो माझ्याव रागावल्याला बी न्हाई."

"नाही गं बाळा."

"सहा महिने मी पोटाव हात ठिवून देवाला म्हणायची, तुझ्या शब्दाव हाय रे बाबा," ती म्हणाली. "आन त्यो शब्द तुमचा व्हता."

ती उठून आत गेली आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा रडली. तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मागोमाग गेले, तिच्याजवळ फरशीवर बसले, पण पाठीवर हात ठेवायची हिंमत झाली नाही. जरा वेळानं ती म्हणाली, "तुमी भाईर बसा." मी बाहेर येऊन बसले. तक्रार करायला मला जागा नव्हती.

पुढच्या बुधवारी मी महिलांपुढे सगळं कबूल केलं. त्या दिवसापासून उतारा दुसऱ्या बाई घेतात, मी मागे बसून ऐकते. सून आता पोटभर जेवते, उपास करत नाही, परवा शेजारच्या बारशालाही जाऊन आली. माझ्याशी नीट वागते, वेळेवर चहा देते. चर्चला मात्र येत नाही. रविवारी मी एकटी निघते, तेव्हा ती दारापर्यंत येते आणि दर वेळी एवढंच म्हणते, "माझ्या नावानं काय मागू नका."

मी मागत नाही.