बेटातला तुडतुडा

संध्याताईंचा चहा कधी पूर्ण व्हायचा नाही. अमरावतीला आमच्या कॉलेजमागच्या टपरीशेजारी बांबू होता. अर्धा कप ठेवून त्या उठायच्या, गळ्यातली रबरी नळी तोंडात धरायच्या आणि पानामागचा किडा ओढून नळीच्या बाटलीत घ्यायच्या. मध्ये जाळीचं कापड असतं हे मला ठाऊक नव्हतं. बाई किडे खाते, असंच मला पहिल्या दिवशी वाटलं. टपरीवाला ओरडायचा, "ताई, चाय पेता का किडे?"

"दोनी!" म्हणत त्या पुढच्या पानाकडे वळायच्या.

त्या मोर्शीच्या, संत्रेवाल्यांच्या घरातल्या, आणि बांबूवरच्या तुडतुड्यांवर पीएचडी करत होत्या. मी एम.एस्सी.ला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रश्न विचारायला जीभ रेटत नसे. त्या मात्र उभ्या उभ्या विचारायच्या, उभ्या उभ्याच जेवायच्या. सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या तरी एक पाय हलत असायचा.

पातूरजवळ माझ्या मामाच्या शेतात, नाल्याकाठी मानवेल बांबूचं बेट आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यादवी लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मामाच्या पूर्वजांनी सगळं रान मोडून कपाशी लावली. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, कामाला लागतं म्हणून एवढं बेट तेवढं ठेवलं, असं घरात सांगतात. मी ताईंना तिथे घेऊन गेलो. पहिल्याच झटक्यात त्यांच्या किडे धरायच्या जाळ्यात पिवळसर, तांदळाच्या कणीएवढे तुडतुडे आले. ताई जवळजवळ नाचल्याच.

मामाचा चेहरा मात्र उतरला. आमच्याकडे तुडतुडा म्हणजे कपाशीचा शत्रू. पानं लाल पडतात, वळतात, झाड खुरटतं. तो म्हणाला, "म्हंजे इथूनच माह्या कपाशीत जाऊन राहिला का हा? सांग पोरी. जात असंन तर बेट तोडून टाकतो."

"मामा, अजून सांगता येत नाई."

"एवढी शिकली, अन् सांगता येत नाई?"

मी हळूच म्हणालो, "ताई, नाही म्हणून टाका ना. बेट वाचेल."

त्या माझ्यावरच उखडल्या. "नर पायल्याबिगर मी काहून बोलू? अन् उद्या कपाशीवरचाच निघाला तं?"

अडचण खरीच होती. या किड्यांच्या जाती बाहेरून सारख्या दिसतात. नराच्या पोटाच्या टोकातले बारीक अवयव सोडवून पाहावे लागतात, तेव्हा जात ठरते. आमच्या जाळ्यात येत होत्या फक्त माद्या आणि पिल्लं. आठवड्यामागून आठवडे आम्ही अकोल्याची बस पकडून तिथून पुढे जात होतो. ताई बेटाभोवती येरझाऱ्या घालायच्या, वर शेंड्याकडे बघायच्या. तिथे जाळं पोचत नव्हतं.

एकदा गेलो तर बेट गप्प होतं. पान हलवलं, काहीच उडालं नाही. पानांना औषधाचा वास येत होता. मामा कौतुकाने म्हणाला, "कपाशी फवारली, पंपात औषध उरलं. म्हटलं तुमचंई काम करून टाकू. शेंड्यापर्यंत मारलं!"

आता ताई रडतील किंवा भांडतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "मामा, जुनं धोतर हाय का?"

रुमाल बांधून, हातमोजे घालून आम्ही बेटाखाली धोतर पसरलं आणि बांबू हलवले. वरून मेलेले तुडतुडे पडू लागले. ताई मांडी घालून बसल्या आणि चिमट्याने एकेक उलटा करू लागल्या. त्यांना इतकं स्थिर बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. उन्हं कलली तेव्हा त्या हलक्याने म्हणाल्या, "हा नर."

तो नव्या जातीचा निघाला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सोडवलेला त्याचा आकड्यासारखा अवयव जुन्या वर्णनातल्या चित्राशी तंतोतंत जुळला. जात बांबूवरचीच होती, कपाशीशी तिचा संबंध नव्हता. ताई मुद्दाम शेतावर येऊन सांगून गेल्या. मामाने कोयता बाजूला ठेवला आणि बेटाकडे बोट करून विचारलं, "मंग आता हाय का त्यातला एखांदा?"

ताई एकेक पान उलटत बेटाभोवती फिरल्या.

पुढे त्यांना आसामात नोकरी लागली. जाताना गळ्यातली नळी माझ्या हातात दिली. "अंडी पानाच्या आत असतात, औषधातून वाचली असतीन. बेटात जात जा." फोनवर अजून पहिला प्रश्न तोच असतो, "दिसला का?"

परवा मी आणि मामा बेटात उभे होतो. पान उलटलं तसं काहीतरी टुणकन उडालं. मामाने माझा दंड धरला. "तोच ना? तोच असंन!"

हो म्हणायला जीभ वळवळत होती.

"अजून सांगता येत नाही मामा," मी म्हणालो आणि नळी तोंडात धरली.