कमलाक्कांची उघडी पिशवी

अंगणवाडीत शिरलं की कमलाक्का आपली काळी रेक्झिनची पिशवी जमिनीवर उघडी टाकायच्या आणि तिच्याकडे चक्क पाठ करून बसायच्या. आत चष्म्याचं घर, विड्याच्या पानांचा डबा, एखादं संत्रं आणि गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलमंदिरातल्या भजनाच्या चिपळ्या. पोरांनी पिशवी उपसली की बाई खूश. कुणी हातच लावला नाही, तर परतीच्या बसमध्ये त्यांचं तोंड उतरलेलं असे.

लहान मुलांच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेत मी पुण्याहून कुंभकोणम्‌ला रुजू झाले, तेव्हा अक्का माझ्या वरिष्ठ होत्या. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेलं. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये, माझ्याशी मात्र त्यांची ती जुनी मराठी. मी ‘विचारलं’ म्हटलं की त्यांना हसू फुटायचं. “विचार मनांत करितात गे, लोकांस पुसतात! पुण्यांत मराठी बिघडली काय?”

माझा सगळा भरवसा चित्रांच्या कार्डांवर. गाय दाखवायची, ‘हे काय?’ म्हणायचं, उत्तराला गुण द्यायचे. अक्का म्हणायच्या, “तूं कार्ड दाखवितेस, मूल तुझे तोंड पाहते. भिऊन बैसलेले मूल काय बोलेल?” मला ते काही पटायचं नाही.

पटलं ते चोळपुरम्‌ला. तिथली अंगणवाडी बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत घालायचं घाटत होतं, आणि मुलं इथं काही शिकतात का, या आमच्या पाहणीवर निर्णय होता. शेतावर जाणाऱ्या आया रोज तो रस्ता ओलांडून पोरांना सोडायला जाणार नव्हत्या. म्हणजे पोरं घरीच राहणार. चेन्नईहून खात्याचे एक साहेबही आले होते. आणि सेल्वी टीचरनं, पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून, मुलांना सकाळपासून पढवून ठेवलं होतं, “कै कट्टु, वाय पोत्तु.” म्हणजे आपलं हाताची घडी, तोंडावर बोट.

मी गाय दाखवली. मुलं गप्प. मांजर, बस, केळं, सगळ्याला तेच. “यांना काहीच येत नाही,” साहेब म्हणाले. सेल्वीचे डोळे भरून आले. इतकी शहाण्यासारखी बसलेली मुलं नापास कशी होतात, हेच बिचारीला कळेना.

अक्कांनी माझ्या हातातली कार्डं घेतली, पिशवीत टाकली आणि पिशवी मुलांपुढे उघडी ठेवली. मग साहेबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. “सर, कॉफी घ्या. मागे पाहायचं नाही.”

आधी एक इवला हात पिशवीत शिरला. मग चिपळी वाजली. मग संत्र्यावरून भांडण जुंपलं. आणि मलर नावाची चिमुरडी कार्ड नाचवत ओरडली, “ही आमची गाय नाही! आमच्या गायीची शिंगं निळी रंगवलीत, ती अप्पाला लाथ मारते!” दुसऱ्यानं आपल्या मामाची बस याहून मोठी असल्याचं ठणकावलं. सगळं टिपून घेताना माझी पुरेवाट झाली. साहेबांना राहवलं नाही, ते वळले. तर अक्कांचा चष्मा नाकावर चढवून मलर समोर उभी. “कै कट्टु!” साहेबांनी मुकाट्यानं घडी घातली. अंगणवाडी वाचली.

गेल्या वर्षी अक्कांना पक्षाघात झाला. मी हॉस्पिटलात पोचले, तेव्हा एक तरुण डॉक्टर पेन दाखवून त्यांना पुसत होते, “हे काय?” अक्का गप्प. “यांना काही समजत नाही,” ते अक्कांच्या मुलाला म्हणाले, “बोलण्याचे उपचार करून फारसा उपयोग दिसत नाही.”  तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, अक्का पेनाकडे बघतच नव्हत्या. त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होत्या. उशाची काळी पिशवी मी उघडली, त्यांच्या धड हाताशी ठेवली आणि डॉक्टरांना म्हटलं, “जरा इकडे पाठ करता का?”

अक्कांचा हात पिशवीत चाचपडू लागला. मग चिपळी वाजली. डॉक्टर वळले. वाकड्या झालेल्या ओठांतून एकेक अक्षर ओढत अक्का म्हणाल्या, “कै... कट्टु.”

“घाला घडी, डॉक्टर,” मी डोळे पुसत म्हटलं.

उपचार सुरू राहिले, आणि अखेरच्या दिवसापर्यंत अक्का माझी मराठी दुरुस्त करत होत्या.