ट्रॅक्टरची खांदमळणी

माझ्या ट्रॅक्टरचा आवाज पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात ऐकू जातो असं मी सांगतो, तेव्हा लोक हसतात. हसोत. एकदा उन्हाळ्यात मी त्याचा सायलेन्सर काढून इंजिन चालू केलं, तर शेजारच्या मळ्यातली कच्ची मोसंबी टपाटपा खाली पडली आणि शेजाऱ्यानं वर्षभर माझ्याशी अबोला धरला. मोसंबी वाऱ्यानं पडली, असं म्हणणारेही आहेत. त्या दिवशी वारा नव्हता. आणि असलाच तर तो त्या सायलेन्सरच्या भोकातून आलेला होता.

आता तो ट्रॅक्टर गोठ्यात मुका उभा आहे. मी रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून चहा पितो.

बुटक्या त्याचं नाव. उंची गोऱ्ह्याएवढी, नाक डुकरासारखं पुढं आलेलं, आणि वय माझ्याहून जास्त. एका सरकारी रोपवाटिकेच्या लिलावात मी तो उचलला. रोपांच्या वाफ्यांमधून फिरायला कोणे एके काळी परदेशातून आणलेला हा बागेतला ट्रॅक्टर. त्यानं शेत नांगरायचं म्हटलं तर आमच्या काळ्या रानात तो स्वतःच पेरला जाईल. पण मला शेत नांगरायचं नव्हतंच. मला तो उघडायचा होता. त्याचा कार्बोरेटर पेट्रोलनं धुवायचा, पितळेचं नळकांडं फुंकर मारून स्वच्छ करायचं, पुन्हा बसवायचं, आणि चालू झाला की गोठ्याभोवती एक फेरी मारून पुन्हा उघडायचा. दारूवर जाणारे लोक आहेत, मी ह्याच्यावर गेलो. सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता, ते बनवणारे हात केव्हाच मातीत गेले असतील. मग त्याला शिलाई मशीनची स्प्रिंग घातली, इंजिनानं चाकं फिरवावीत म्हणून पिठाच्या गिरणीचा पट्टा कापून सांधून बसवला, आणि कुठं तेल गळायला लागलं तिथं कुकरची रिंग.

"अवो, भात शिजंना झालाय," बायको ओसरीवरून ओरडायची. "रिंग कुठं गेली कुकरची?"

"ट्रॅक्टर पळायलाय बघ तिच्या जिवावर."

"मग उद्यापासून ट्रॅक्टरच वाढा ताटात."

घरात ट्रॅक्टर माझा आणि बैल दादाचे, अशी वाटणी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून तो आणि त्याची जोडी एवढाच त्याचा संसार. बुटक्याला टेम्पोतून उतरवलं, तेव्हा दादा त्याच्याभोवती फिरला आणि खाली वाकून मागून पुढून बघितलं.

"हे काय आणलंस रं? गाढवाला चाकं लावल्यावानी."

"दादा, फॉरेनचं हाय."

"मग त्याला माघारी जाऊ दे की. तिकडं वाट बघायले असतील लेकरंबाळं."

पुढं कित्येक वर्षं मी ट्रॅक्टरखाली उताणा पडलेलो असलो की दादा बैल घेऊन मुद्दाम जवळून जायचा आणि बैलांना सांगायचा, "बघा रं, तुमी आजारी पडलाव तर असं कुनी खाली शिरतंय का?"

मग गुरांवर लंपीची साथ आली. दादाचा एक बैल गेला. दुसरा रिकाम्या दाव्याकडं बघत चारा सोडायला लागला, म्हणून दादानं तो पालमकडच्या एका सोयऱ्याला देऊन टाकला. त्याच्याही जोडीतला एक गेला होता. "एकाला एक मिळाला, बरं झालं," एवढंच म्हणाला आणि बाजेवर आडवा झाला. आडवा झाला तो झालाच. दाढी वाढली. हाक मारली तर हूं करायचा.

त्याचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्याकडं कारखान्यात आहे. दर रविवारी फोन करायचा, "बाबा, आता इकडं या." दादाचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं, "बैल हाईत दाव्याला, कसा येऊ?" त्या पावसाळ्यात पोरानं पुन्हा विचारलं. फोन कानाला तसाच धरून तो गोठ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पोळा होऊ दे. मंग येतो."

मी फोन हातातून काढून घेतला. "दादा, तू तिथं काय करशील? सातव्या मजल्यावर?"

"आन् हितं काय करू? पोळ्याच्या दिशी ज्याच्या हातात कासरा न्हाई, त्यानं वेशीत उभं राहून कुनाचे बैल बघायचे?"

तो गेला तर परत यायचा नाही, हे मला कळत होतं. माणसाला असं मुळासकट उपटून नेलं की तो तिकडं नुसता कुंडीत राहतो. आणि दादाशिवाय हे घर म्हणजे… असू दे. मी ठरवलं, पोळ्याला दादाच्या हातात कासरा द्यायचाच. कासरा नाही तर स्टेअरिंग.

बुटक्या तेव्हा वर्षभर बंद होता. बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं त्याचं मॅग्नेटो मेलं होतं. राणीसावरगावला एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर त्याच जातीचं जुनं इंजिन पडलंय असं कळलं, म्हणून गेलो. म्हातारा म्हणाला, आधी जेवा, मग बोलू. मी इतक्या भाकरी खाल्ल्या की त्याच्या सुनेनं चुलीवर दुसरा तवा घातला. म्हाताऱ्याला दया आली की धास्ती बसली कोण जाणे, पण मॅग्नेटो मिळालं.

ते बसवून मी हँडल मारलं. हँडलनं असा उलटा तडाखा दिला की मी उडून कडुलिंबाच्या फांदीवर जाऊन बसलो. बायको म्हणते, मी शेणात पडलो. शेण फांदीच्या बरोबर खालीच होतं, तेव्हा आम्ही दोघंही खरं बोलतो. पण इंजिन चालू झालं! धुराचा असा लोट उठला की तालुक्यातले डास त्या रात्री उपाशी झोपले.

आणि त्या आवाजानं दादा बाजेवरून उठला. दाराशी येऊन उभा राहिला, धोतर सावरत.

"ऊठ, सरक. हँडल असं धरतेत व्हय? अंगठा मोडून घेशील."

दुसऱ्या दिवशी तो सीटवर बसला. स्टेअरिंग दोन्ही हातांनी असं धरायचा जसा कासरा धरलाय, आणि वळवताना जीभ टाळ्याला लावून चक्-चक् करायचा. थांबायचं म्हणजे "हो… हो…" म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक. ब्रेकचा विसर पडला आणि बुटक्या सरळ कडब्याच्या गंजीत घुसला. गंजीतून आधी धूर बाहेर आला, मग दादा. केसात कडबा. कित्येक महिन्यांनी हसला तो. "अडेल हाय, पण चालीचा हाय," म्हणाला.

त्या रविवारी पोराचा फोन आला. मी भिंतीआड उभा राहून ऐकत होतो. दादा सांगत होता, "औंदा न्हाई जमायचं बाबा. बुटक्या हाय ना माज्याकडं. त्याला कोन बघनार?" मी भिंतीआडच फुगडी घातली. एकट्यानं फुगडी घालणारा ह्या जिल्ह्यात मीच पहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मानकऱ्यांकडं परवानगी मागायला गेलो. मानाच्या बैलांच्या घरचे ते म्हातारे बाजेवर पाय दुमडून बसलेले.

"बैलाच्या रांगंत लोखंड? मारुती काय म्हनंल?"

"काका, त्यानं डोंगर उचलला. गोऱ्ह्याएवढ्या ट्रॅक्टरचं त्याला काय ओझं?"

पुष्कळ तमाखू मळून झाल्यावर बैलांच्या मागची आणि पोरांच्या नव्या मोठ्या ट्रॅक्टरांच्या पुढची जागा मिळाली.

घरी आलो तर बायको दारातच. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. दादा खांदमळनी करायलेत."

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकतात. वर्षभर जू घासून घट्टे पडलेले असतात, त्यांना हळद-तूप चोळतात आणि जेवणाचं आवतण देतात. मी दाराशी थांबलो. गोठ्यात दादाचा आवाज, बैलांशी बोलायचा तोच, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आत गेलो तोवर तांब्या आणि तुपाची वाटी बाजूला ठेवलेली होती, आणि बुटक्यावर बैलाची जुनी आरशांची झूल घातलेली, पार चाकापर्यंत. दादा हात पुसत होता. मला वाटलं, झूल उचलून बघणं म्हणजे दुसऱ्याचा देव्हारा उघडणं. मी बघितलं नाही.

पोळ्याला दादानं फेटा बांधला. बुटक्याच्या नाकाला बाशिंग, दिव्यांना गोंडे. वेशीपर्यंत अगदी शहाण्यासारखा आला. लोक बघायला जमले. "दादा, जोडीतला एकच आणला का?" कोणी ओरडलं. "दुसरा पोटात हाय त्याच्या," दादानं तिथल्या तिथं दिलं. असा दादा मी बैल गेल्यापासून ऐकला नव्हता.

रांग थांबली. बैलांच्या मंगलाष्टका चालू झाल्या. बुटक्या एकदा बंद केला की चालू व्हायला दुपार घेतो, म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं. तापत होतं. आणि हळूहळू सगळ्या वेशीत पुरणपोळीचा वास सुटला. म्हणजे कढत्या तुपाचा. बायका आपापल्या घराकडं बघायला लागल्या. मला काही उमगेना.

वेशीवर बांधलेलं तोरण तुटलं. मानाचे बैल गेले, मागचे बैल गेले, आमची पाळी आली. दादानं चक्-चक् केलं आणि पट्टा ताणणारा दांडा ओढला. इंजिन बोंबललं. बुटक्या हलला नाही. पुन्हा ओढला. इंजिन छाती फुटेस्तोवर ओरडतंय आणि चाक बोटभरही सरकत नाही.

मी झूल उचलली. पट्टा जिथं फिरतो, त्याच्या बरोबर वर लोखंडाचा एक उंचवटा आहे. दादाला तोच खांदा वाटला होता. तिथं त्यानं हळद-तुपाचा जाड थर मायेनं चोळला होता. सकाळभर ते थिजून बसलं. आता इंजिनाच्या उष्णतेनं वितळून पट्ट्यावर गळत होतं. पट्टा पिवळाजर्द झाला होता आणि नुसता जागच्या जागी घसरत होता.

"क्लच गेला!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "सकाळपासूनच आवाज येत होता. फॉरेनचा माल असाच दगा देतोय!"

आयुष्यात मी ह्याहून मोठ्या बाता मारल्या आणि त्या पचल्या. दादा खाली वाकला. पट्ट्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

मागच्या ट्रॅक्टरावरून एक पोरगा ओरडला, "काका, साखळी टाकू का? वढून नेतो तोरनाखालून."

"नगं," दादा म्हणाला. "पोळ्याच्या दिशी वढाताण न्हाई करायची."

मोठे ट्रॅक्टर आमच्या बाजूनं निघून गेले, भोंगे वाजवत, गाणी लावून. दादा सीटवर बसून होता, फेटा बांधलेला, दोन्ही हात स्टेअरिंगवर. वेस रिकामी झाल्यावर म्हणाला, "बंद कर. तापायलाय."

आम्ही दोघांनी तो घरापर्यंत ढकलत आणला. बायकोनं आरती ओवाळली, कारण ती दुसरं काय करणार. दादानं ताट मागून घेतलं आणि पुरणपोळी बुटक्याच्या बॉनेटवर ठेवली. "आवतन दिलंय, जेवू घालावं लागतंय," म्हणाला. स्वतः मात्र जेवला नाही. हात धुऊन पोराला फोन लावला आणि विचारलं, पुण्याला जायला कुठली गाडी सोयीची पडंल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी तो पट्टा पेट्रोलनं धुतला, राखेनं पुसला आणि बुटक्या गोठ्याभोवती पळवून दाखवला. दादा पिशवी भरत होता. "चांगला चालायलाय," म्हणाला, आणि कपडे घडी घालत राहिला. मी सांगितलं, पुढच्या पोळ्याला आपण पट्टा झाकून घेऊ. सांगितलं, तुझ्याकडून नाही झालं, गिरणीचा पट्टाच मुळात वाईट. आणखी कायकाय सांगितलं. एसटीच्या पायरीवर चढताना तो म्हणाला, "कडब्याची गंज झाकून घे, पावसाचं दिसतंय." कंडक्टरनं घंटी मारली.

पुढं मी बुटक्याला हात लावला नाही. गेला पोळा मी घरात बसून ऐकला.

रविवारी आता मी फोन करतो. परवा सांगितलं, "दादा, आपल्या विहिरीला इतकं पानी आलंय की काठावर बसून मासे धरायलोत, एक तर बोकडाएवढा निघाला."

पलीकडं टीव्ही चालू होता.

"व्हय का," दादा म्हणाला. "बरं झालं."