पखवाजाची कणीक

शिवरामआबा गेल्याचं मला नगरच्या वसतिगृहात कळलं. गावाकडून आलेल्या एसटीतून आमच्या भजनातले पेटीवाले दगडूतात्या उतरले आणि स्टँडपासून उन्हातून चालत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "शिवरामआबा खडीवर बसल्याजागी गेलं रं. हातोडी हातातच हुती." मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि जे लिहितोय ते नीट लिहिता येईल की नाही, हेही ठाऊक नाही…

आबा आमच्या भजनाचे पखवाज वाजवणारे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा ते घुमतं. कणीक जितकी जास्त, तितका आवाज खाली जातो. गाणारा कोण, अभंग कसला, हे बघून आबा चिमूट लावायचे, चिमूट काढायचे, कान टेकवून बसायचे. "गौळन असंल तर डावी बाजू हासली पायजे," ते मला सांगायचे, "आन् इरहाचं असंल तर तिनं आवंढा गिळला पायजे." शनिवारी मी गावी आलो की गायला बसायचो, आणि माझ्या आवाजाला काय हवं ते त्यांना माझ्याआधी कळायचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा गावात गहू उरला नव्हता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची; तिचं पीठ पखवाजावर थापलं की भुगा होऊन गळायचं. माझे वडील भिंगारला लष्कराच्या कोठारात हमाली करतात, म्हणून आमच्याकडे थोडा गहू यायचा. आई दर शनिवारी पखवाजासाठी वाटीभर कणीक द्यायची. एकदा तिनं आबांच्या घरासाठी चार पोळ्याही बांधून दिल्या, कारण त्यांच्या बायकोनं, यसूकाकूंनी, अंथरूण धरलं होतं. आबांनी फडकं सोडलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, "देवाच्या वाद्याला मागंन, सूनबाई. घरच्या तोंडाला न्हाई."

त्यानंतर आमचं भजन खाली जायला लागलं. एरवी आम्ही पेटीच्या काळी चार पट्टीत, उंच गायचो. आबांनी तात्यांना काळी दोनवर आणलं, मग काळी एकवर. "हवा कोरडी हाय, चढवलं तर कातडं तडकंल. आन् असल्या सालात उंच कशापायी गायाचं?" आम्हाला ते पटायचं. डाव्या तोंडावरचा गोळा वाढत गेला, आईच्या एका वाटीच्या दोन झाल्या. अभंग कुठलाही असो, आटलेल्या विहिरीत कुणी बोलावं तसा तो यायचा. एकदा एक म्हातारी उठता उठता म्हणाली, "आबा, भजन हाय का मयत?" आबा हसले नाहीत. भजन संपलं की गोळा खरवडून फडक्यात बांधायचे. ती कणीक गाईला घालायची रीत आहे. त्यांची गाय चार महिन्यांपासून गुरांच्या चारा छावणीत होती. हे मला माहीत होतं… पण मी विचार केला नाही.

शिमग्यानंतरचा शनिवार. कॉलेजात नुकताच ध्वनीचा धडा झाला होता. सगळ्यांसमोर, जरा ऐटीतच, मी म्हणालो, "आबा, काळी एकलासुद्धा एवढी कणीक लागत नाही. भार फार झाला की आवाज नुसता बसतो. निम्म्यात भागेल."

तात्या पेटीवरून ओरडले, "आँ? मग ऱ्हायल्याल्या निम्म्याच्या पोळ्या लाटतुस का काय रं शिवरामा?"

सगळे हसले. मीही हसलो.

आबांचा हात थांबला. मग त्यांनी निम्मा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "कालेजवालं बराबर बोलत्यात. तात्या, काळी चार दे." त्या संध्याकाळी पखवाज कित्येक महिन्यांनी मोकळा वाजला. मला वाटलं, माझ्यामुळे. भजन झाल्यावर उरलेली कणीक त्यांनी तात्यांच्या गाईला सगळ्यांदेखत घातली आणि पाठीमागे न बघता निघून गेले. सोमवारपासून पासष्टीचा तो माणूस दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला.

गेल्या रविवारी आईनं दिलेला डबा घेऊन मी यसूकाकूंकडे गेलो. आता डबा रोज जातो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला सगळं सांगून टाकायचं होतं, पण त्याच आधी बोलल्या.

"तुझी आई लई मायाळू रं. मिलो माझ्या पोटात ठरत न्हाई, तर शनवारी कणीक धाडायची. ह्ये पानी घालून शिजवायचे, मला भरवायचे. म्हनायचे, सूनबाईनं खास तुझ्यासाठी दिलीया."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. काकूंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग अगदी हळू विचारलं,

"मग मधीच बंद का केली रं तिनं? माझं काय चुकलं हुतं का?"